मदत हवी आहे: उणे अपूर्णांक आणि असमानतेचं चिन्ह

ऋण अपूर्णांक सहगुणक असलेल्या रेषीय असमानता शिकवताना छेद आधी घालवावेत की थेट व्यस्ताने गुणावं? शिकवणाऱ्यांचं मत हवंय.

उदा. −(२क्ष − ५)/३ + १/२ > क्ष/६

लसावि ६ ने प्रत्येक पद गुणलं की −२(२क्ष − ५) + ३ > क्ष. सहा धन आहे, चिन्ह उलटायचा प्रश्नच नाही. पण सुरुवातीला उणे दिसलं की मुलं ते फिरवून मोकळी होतात. दुसरी गफलत कंस सोडवताना: −४क्ष + १० च्या जागी −४क्ष − १०. (ही जास्त चिवट.) पुढे −४क्ष उजवीकडे नेलं की १३ > ५क्ष, म्हणजे क्ष < १३/५. ऋण संख्येने भागावंच लागत नाही.

याउलट −(३/४)क्ष ≤ ९ मध्ये −४/३ ने गुणणं सुटसुटीत. चिन्ह उलटून क्ष ≥ −१२.

चल कायम धन बाजूला नेण्याची सवय लावली, तर उलटण्याचा नियम कच्चा राहतो का? शिवाय पडताळ्याला मुलं फक्त क्ष = ० घेतात. त्याने दिशा तपासता येते, पण सीमा चुकलेली निसटू शकते. क्ष = १३/५ घालून दोन्ही बाजू १३/३० येतात, हेही तुम्ही करून घेता का?