मंगळागौरीच्या खेळांत नव्या मुली टिकत नाहीत

प्रश्न: आमच्या गटात पूर्वी २०-२५ जणी फेर धरत असत, आता नऊच उरल्या आहेत. श्रावण जवळ आला की मुली चौकशी करतात, एखाद्या सरावाला येतात, परंतु पुन्हा फिरकत नाहीत. काय करावे?

प्रतिसाद १: ताई, आपला सराव स्पर्धेसाठी असतो की खेळण्यासाठी, हे आधी पाहावे. मंचासाठी बसवलेल्या रचनेत नवखीला जागाच नसते. ती भिंतीशी उभी राहते आणि निघून जाते. आम्ही सरावाचा पहिला अर्धा तास केवळ झिम्मा आणि साध्या फुगडीला देतो व प्रत्येक नवखीचे हात एखाद्या जुन्या खेळाडूच्या हाती सोपवतो, कारण फुगडीचा तोल दोघींनी मागे झुकण्यावर अवलंबून असल्याने जोडीदारीण मुरलेली असली की भीती लवकर जाते. गुडघ्यांची परीक्षा पाहणारी बसफुगडी पहिल्या महिन्यात टाळावी. (जुन्यांनाही ते सोयीचेच असते!)

प्रतिसाद २: सरावाला नऊवारीची सक्ती नसावी. गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत. पाय जमले तरी तोंड बंद राहिल्याने मुली संकोचतात.

प्रश्नकर्ती: आम्ही पहिल्याच दिवशी स्पर्धेची रचना शिकवतो, हे आता लक्षात आले. येत्या मंगळवारी झिम्म्यापासून सुरुवात करू.