मदत हवी आहे: कढीपत्त्याच्या आळ्यात सरड्याची अंडी, पाणी घालू की नको?

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहतो. महिनाभर कुंपणावर एक बागेतला सरडा डोकं-गळा लालभडक करून जोर काढत होता. नान्नजच्या माळावर गळ्याचा पंखा उघडणारे सरडे पाहिलेत, त्यामुळे हा मादीसाठीचा थाट आहे एवढं कळलं. दुसरा नर आला की झटापट! आमचा चहा गार व्हायचा बघता बघता.

पहिला पाऊस झाला आणि परवा मादी कढीपत्त्याच्या आळ्यात खड्डा उकरताना दिसली. अंडी घातली, माती लोटली, डोक्याने दाबून बसवली आणि गेली ती गेलीच. काल खुरपं लागून माती सरकली तेव्हा अकरा अंडी मोजली. पांढरी, लांबट, मऊ सालीची. पालीसारखी टणक नाहीत. लगेच झाकली.

अडचण अशी की त्या आळ्यात रोज बादलीभर पाणी जातं. अंडी कुजतील का? पाणी तोडावं तर कढीपत्ता वाळेल. पिल्लं यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. अंडी हलवायची तर वरची बाजू वरच ठेवावी लागते, फिरवली तर आतलं पिल्लू मरू शकतं, हे माहीत आहे. म्हणून हात लावायची भीती वाटते.

कोणी अशी अंडी हलवली आहेत का? की बाजूला चर काढून पाणी वळवू? शेजारच्या काकू "विषारी असतंय ते, फेकून द्या" म्हणून मागे लागल्यात. सरडा विषारी नसतो हे त्यांना कसं पटवायचं, तेही सांगा.