फाल्गुन-चैत्रात पुण्यात जेवण कसं बदलायचं? (बाजरी, दही, पन्हं, कडुनिंब)

पौडफाटा_मी
सध्या पहाटे शाल लागते आणि दुपारी पंखा. वसंतातल्या आहाराबद्दल दोन सल्ले मिळतात आणि ते एकमेकांना छेद देतात. एक म्हणतो, कफाचे दिवस आहेत, दही-आंबट-गोड-थंड सगळं बंद, दुपारी झोपू नका. दुसरा म्हणतो, ऊन वाढलंय, पन्हं प्या, आंबेडाळ करा, कलिंगड खा. घरात चौघं: सासूबाई (मधुमेह, गोळ्या चालू), दहावीची परीक्षा देणारा मुलगा आणि डबा नेणारे आम्ही दोघं. माझे प्रश्न असे:
बाजरी नेमकी कधी थांबवायची? रात्री लावलेलं दही सकाळी आंबट होतंय, काय करू? सासूबाईंना पन्हं चालेल का, आणि किती? पाडव्याची कडुनिंबाची चटणी पुढे रोज खायची का?
तक्ते भरपूर पाहिलेत. कारण सांगितलंत तर बरं होईल.

शुंठी
दोन्ही सल्ले बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या पंधरवड्यांचे आहेत. गोंधळ महिन्यांच्या मोजणीत आहे. सर्वसाधारण गणतीत वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पण आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत दोषांचा (वात-पित्त-कफ) विचार करताना जी दुसरी मांडणी दिली आहे, तिच्यात फाल्गुन-चैत्र वसंत आणि वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म आहे. पुण्याला ही दुसरी मांडणी चपखल बसते. इथे वैशाखात वसंत शोधायला गेलात तर चाळिशीला टेकलेला पाराच सापडेल.

आयुर्वेदशास्त्राचं म्हणणं थोडक्यात असं: थंडीत साठलेला कफ उन्हं तापू लागली की पातळ होतो आणि भूक मंदावते. म्हणून जड, तेलकट, गोड, आंबट कमी करायचं. जुनं धान्य, मूग, कडू-तुरट-तिखट चवी वाढवायच्या. व्यायाम करायचा, दिवसा झोपायचं नाही. पाण्यासाठी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सुंठीचं पाणी, नागरमोथ्याचं पाणी आणि मधाचं पाणी सुचवलंय. सुंठीसाठी १ लिटर पाण्यात चहाचा अर्धा चमचा सुंठ घालून ५ मिनिटं उकळा, गाळा, दिवसभरात संपवा. घशाशी जळजळत असेल तर हे तुमच्यासाठी नाही. मध घ्यायचा असेल तर तो उकळत्या पाण्यात घालू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका.

बदल एका रात्रीत करायचा नसतो. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला, असे मिळून दोन आठवडे ऋतुसंधी. तेवढ्या काळात जुनं थोडं थोडं सोडायचं आणि नवं थोडं थोडं धरायचं.

व्यवहारात मी दोन टप्पे करेन. पाडव्याच्या पंधरा दिवस आधीपर्यंत कफाचे नियम: रात्री दही नाही, श्रीखंड-बासुंदी नाही, फ्रीजचं पाणी नाही, जेवणात मूग, कुळीथ, शेवग्याच्या शेंगा, पडवळ, कारलं. रात्रीची थंडी गेली, पहाटेसुद्धा पांघरूण नकोसं झालं की दुसरा टप्पा, म्हणजे ताक, पन्हं, काकडी, दुधी, नाचणी. मधल्या दिवसांत दिवसाचेच दोन भाग करा. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्यात पहाटे १५-१६ अंश आणि दुपारी ३५ च्या आसपास असतं. सकाळी नऊच्या आत आणि रात्री पहिल्या टप्प्याचं खा, दुपारी दुसऱ्या.

जात्यावरची_ओवी
बाजरीचं सांगते. थंडी हटली की थांबवा, होळीनंतर तर नकोच. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे उन्हाळ्यात पीठ आठवड्याभरातच कडवट लागायला लागतं. उष्ण पडते वगैरे बाजूला ठेवलं तरी हे एक कारण पुरे.

ज्वारीवर या. पण बाजारात या दिवसांत रब्बीची नवी ज्वारी येते, आणि इथे लोक फसतात. नव्या ज्वारीची भाकरी छान होते, चवीला गोडसर लागते, पण शास्त्रात नवं धान्य पचायला जड मानलंय आणि वसंतासाठी मुद्दाम जुनं सांगितलंय. वर्षाची मालदांडी (रब्बी ज्वारीची जात) भरायची असेल तर ती आत्ताच भरा, दोन कडक उन्हं दाखवून गार झाल्यावर डब्यात घाला (गरम धान्य बंद केलं की आत घाम धरतो आणि किडीला आमंत्रण). खायला मात्र गेल्या वर्षीची शिल्लक आधी संपवा.

जुन्या ज्वारीची अडचण म्हणजे पीठ विरी जातं, म्हणजे त्याला चिकटपणा राहत नाही. भाकरी थापताना कडा फाटतात. ज्वारीत ग्लुटेन नाही, पीठ धरून ठेवतो तो स्टार्च. म्हणून उकड काढा: १ वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी, चिमूटभर मीठ, पाण्याला उकळी आली की गॅस बंद, पीठ घालून ढवळा, ५ मिनिटं झाकण, मग हाताला सोसेल तेव्हा तळव्याने चांगलं मळा. एका वेळी दोन भाकऱ्यांपुरतंच मळा. पीठसुद्धा पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा. उन्हाळ्यात त्याहून जुनं पीठ उकडीलाही दाद देत नाही.

मुलाच्या परीक्षेच्या सकाळी नाचणीची आंबील द्या. नाचणीचं पीठ पोह्याच्या (मोठ्या) चमच्याने २ चमचे घेऊन अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवा (एप्रिलमध्ये पाच तास पुरे, नाहीतर अति आंबते). सकाळी २ वाट्या पाणी उकळून त्यात हे ओता आणि ७-८ मिनिटं मंद आचेवर सतत ढवळत शिजवा, कच्चा वास जाईपर्यंत. कोमट झाली की १ वाटी ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. गरम असताना ताक घातलं की फाटतं. आंबील बिघडण्याचं हेच एक नेहमीचं कारण. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हा वर फायदा.

विरजण_वाटी
दह्याचं उत्तर घड्याळात आहे. थंडीत अर्धा लिटर दुधाला चहाचा १ चमचा विरजण आणि ७-८ तास लागतात. ऊन वाढलं की तेच ४-५ तासांत लागतं. रात्री दहाला लावलेलं दही पहाटे तीनलाच तयार, आणि तुम्ही सातला उठेपर्यंत चार तास ते आंबतच असतं. विरजण पाव चमच्यावर आणा, दूध बोटाला जेमतेम कोमट लागेल तेव्हा लावा आणि वेळ बदला: संध्याकाळी सहाला लावा, झोपण्याआधी साडेदहाला फ्रीजमध्ये. विरजणच आंबट असेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही. ताज्या दह्याचं विरजण दोन-तीन वेळा फिरवलं की चव ताळ्यावर येते.

ताकाला १ वाटी दही, ३ वाट्या पाणी, घुसळून लोणी काढलेलं. दह्यात नुसतं पाणी घालून चमच्याने ढवळलं तर ते पातळ दहीच. सैंधव, भाजलेलं जिरं आणि आल्याचा रस पाव चमचा. दुपारच्या जेवणासोबत घ्या, सूर्यास्तानंतर नको.

कैरी_आणि_गूळ
पन्ह्यावर जरा सविस्तर, कारण बहुतेक घरांत ते पेय कमी आणि पाक जास्त असतं.

आधी चीक. कैरीचा देठाकडचा भाग कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात उभ्या बुडवा. हे टाळलं की घसा खवखवतो आणि दोष पन्ह्याला लागतो. कुकरच्या भांड्यात पाणी न घालता ३ शिट्ट्या. पाणी घातलं तर अर्धा आंबटपणा त्यात उतरतो आणि गर पचपचीत होतो. अर्धा किलो कैरीचा २५० ते ३०० ग्रॅम गर निघतो. गर गरम असतानाच गूळ चिरून घाला म्हणजे तो विरघळतो, वेगळं उकळावं लागत नाही. वेलदोडा आणि चहाचा पाव चमचा मीठ घाला. मीठ विसरू नका, चव त्यानेच उठते. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आम्लामुळे धातू उतरतो.

आता प्रमाण. जुन्या, वाटीभर गराला दीड वाटी गूळ या हिशोबाने एका ग्लासात सहज ३० ग्रॅमच्या वर गूळ जातो. २५० ग्रॅम गराला १०० ग्रॅम गूळ घाला आणि ग्लासभर पाण्याला हा गोळा पोह्याचे २ चमचे घ्या. गूळ १० ग्रॅमच्या आसपास राहतो. कमी गोड केलं की आंबट टोचतं, म्हणून तोतापुरी घ्या. गावठी कैरीला हे प्रमाण पुरत नाही. गूळ कमी असल्यामुळे हा गोळा फ्रीजमध्ये आठवडाभरच टिकतो, महिनाभर नाही.

आंबेडाळ: १ वाटी हरभरा डाळ ४-५ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला, शेवटचं पाणी फेकून द्या (गॅस करणाऱ्या शर्करा काही प्रमाणात त्यात उतरतात). चाळणीत १५ मिनिटं निथळा आणि पाण्याचा थेंब न घालता, मिक्सर चालू-बंद करत भरड काढा. निथळलं नाही की हमखास लगदा होतो. अर्धी वाटी कैरीचा कीस, २ मिरच्या, मीठ, चिमूट साखर, वरून हिंगाची सढळ फोडणी. डाळ कच्ची आहे, त्यामुळे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दुपारी वाटून रात्री नऊपर्यंत बाहेर ठेवू नका, ती फसफसते. ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी भरड डाळ १० मिनिटं वाफवून घ्या. चवीत फरक पडतो, पोट मात्र शांत राहतं.

मोजून_मापून
सासूबाईंचा मुद्दा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बाहेरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत असावी; २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. ही मर्यादा निरोगी माणसाचीही आहे. गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून त्यातून सुटत नाही, तो बहुतांश सुक्रोजच आहे आणि रक्तातली साखर तशीच वाढवतो. त्यांना बिनगुळाचं करा: पोह्याचा १ चमचा कैरीचा गर, ग्लासभर पाणी, भाजलेलं जिरं, पुदिना, काळं मीठ. रक्तदाब असेल तर मीठ नावालाच. कलिंगड चालेल, पण वाटीभर आणि चावून, रस नको.

दुसरं, या दिवसांत तहान भुकेचं सोंग घेते. चार-साडेचारला ‘काहीतरी खावंसं’ वाटलं की आधी एक ग्लास पाणी आणि दहा मिनिटं थांबा. तरी भूक असेल तर खरी आहे, मग फुटाणे किंवा काकडी. (सासूबाईंना हात थरथरणं, घाम, चक्कर असं होत असेल तर मात्र थांबू नका, आधी साखर तपासा.) निदान दुपारच्या डब्याची पहिली पाच मिनिटं मोबाइल उलटा ठेवा. भूक मंदावलेल्या ऋतूत पोट भरल्याची खूण लवकर येते, आणि स्क्रीनकडे बघणाऱ्याला ती कळतच नाही.

पौडफाटा_मी
एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं, आभारी आहे. कडुनिंब राहिला. आणि दुपारच्या झोपेचं काय? मुलगा पेपर देऊन आला की आडवा होतो.

शुंठी
चटणीचं प्रमाण चौघांसाठी: कोवळी लालसर पानं १०-१२, थोडा फुलोरा, भिजवलेली हरभरा डाळ चहाचे २ चमचे, पाव चमचा ओवा, २ मिरे, चिमूट हिंग, सैंधव, बोराएवढी चिंच, १ चमचा गूळ. प्रत्येकी अर्धा चमचा. कोवळी पालवी मिळते तोवर आठ-पंधरा दिवस एवढं घ्यायला हरकत नाही. पण ‘रक्तशुद्धी’ म्हणून ग्लासभर रस पिणं वेगळं, ते करू नका. सासूबाईंच्या गोळ्या चालू आहेत, कडुनिंबाने साखर आणखी खाली जाऊ शकते. पाडव्याचा प्रसाद ठीक, रोजचं त्यांच्या डॉक्टरांना विचारून. गरोदर बाई आणि लहान बाळ यांना नकोच. पानं रस्त्याकडेच्या धुळकट झाडाची घेतली तर मिठाच्या पाण्यातून दोनदा काढा.

झोप वसंतात निषिद्ध, ग्रीष्मात चालते. परीक्षेच्या मुलाला हा नियम लावू नका, फक्त जेवल्या जेवल्या नको आणि वीस मिनिटांच्या वर नको.

तळजाई_सहा_वाजता
व्यायामाची भर घालतो. मार्चअखेरीस सूर्योदय साडेसहाच्या सुमारास. टेकडीवर जाणार असाल तर सहाला पायथ्याशी आणि आठच्या आत खाली. त्यानंतर वेताळ टेकडीच्या उघड्या वाटेवर सावली नाही. चढताना बोलता यावं इतकाच वेग ठेवा. आणि ऋतू कुठवर आलाय ते झाडांवर बघा: पळस-पांगारा फुललाय तोवर पहिला टप्पा, बहावा पिवळा झाला की दुसरा पूर्ण लागू.

माठवाले
फ्रीजचं पाणी बंद करायचं तर माठ आत्ताच घ्या, चैत्रात महाग होतो. नवा माठ २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पहिली दोन पाणी झाडांना. आतून साबण लावू नका, तो मातीत मुरतो. नारळाच्या काथ्याने नुसतं घासा. हवा कोरडी असते म्हणून पुण्यात माठ छान गार करतो, पण तो वाऱ्यावर हवा. ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलात तर पाणी कोमटच राहणार. बोअरचं जड पाणी भरलं की महिन्याभरात क्षारांनी छिद्रं बुजतात. वाळा मलमलच्या पुरचुंडीत घाला आणि दर दोन दिवसांनी काढून उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर बुळबुळीत होऊन पाण्याला वास येतो.