सल्ला हवा: जुनी मासेराटी ग्रॅनटुरिस्मो – ४.२ ऑटोमॅटिक की ४.७ एस?

घाटवळण (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. श्टुटगार्टला येऊन नऊ वर्षं झाली, इतकी वर्षं इमानेइतबारे डिझेल स्टेशन वॅगन चालवली. आता चाळिशी गाठलीय आणि डोक्यात एकच किडा वळवळतोय: पहिल्या पिढीची ग्रॅनटुरिस्मो. बजेट ४० हजार युरो, पहिल्या वर्षाची देखभाल त्यातच. म्हणजे गाडीला ३५. घरात आम्ही दोघं आणि दोन मुली (९ आणि ६), त्यामुळे मागच्या सीटा नुसत्या नावाला नकोत. वर्षातून दोनदा आल्प्स ओलांडून इटली, एरवी रविवारची चक्कर.

४.२ लिटर इंजिनाची ऑटोमॅटिक घेऊ की ४.७ लिटरची एस, एमसी शिफ्ट गिअरबॉक्सवाली? ज्यांनी पाळली आहे त्यांनी सांगा. "घेऊच नकोस" हे बायको रोज सांगते, ते इथे नको.

झुफेनहाऊसनकर
श्टुटगार्टात राहून इटालियन गाडी म्हणजे पंढरपुरात राहून तिरुपतीला नवस बोलण्यातला प्रकार. इथल्याच पोर्शेची ९११ घ्या. माझ्याकडे दहा वर्षं आहे, तेल आणि टायर सोडून एक पैसा लागला नाही. मुली मागे आरामात मावतात.

घाटवळण
बसवून बघितलंय साहेब. थोरलीचे गुडघे हनुवटीला लागले.

बटणदुखी
माझी कोणती गाडी होती ते सांगत नाही, पण इटालियनच. तीन आठवडे भारतात जाऊन आलो. किल्लीचं बटण दाबलं, गाडी ढिम्म. बॅटरी बसलेली. बॅटरी डिकीत आणि डिकी उघडते विजेवर. आता बोला! मेकॅनिकने येऊन बॉनेटखालच्या जोडणीतून करंट दिला, तेव्हा कुठे डिकीने हूं केलं. शिवाय एसीच्या बटणांवरचा काळा रबरी लेप उन्हाळ्यात गुळाच्या पाकासारखा व्हायचा. पाच अंश कमी करायला जावं तर बोटाचा ठसा कायमचा. चार्जर लावून ठेवायची सोय नसेल तर या भानगडीत पडू नका.

पिस्टनअण्णा
नुसता इंजिनाचा आकार बघू नका, स्वभावाने या दोन वेगळ्या गाड्या आहेत. सांगाडा दोन्हींचा मासेराटीच्याच चार-दारी क्वात्रोपोर्तेवरून घेतलेला, थोडा आखूड करून. तरी पुढच्या-मागच्या चाकांत २९४२ मिमी अंतर उरलंय, म्हणून मागे खरी माणसं बसतात. बॉनेट उघडा, म्हणजे बाकीचं कळेल. व्ही ८ इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे, पार केबिनच्या भिंतीला टेकवून बसवलंय. म्हणून १८८० किलोचं धूड वळणात तेवढं जड वाटत नाही.

खरा फरक गिअरबॉक्सच्या जागेत आहे. ४.२ ला झेडएफ कंपनीची सहा गिअरची ऑटोमॅटिक, इंजिनाला लागूनच. वजन पुढे ४९, मागे ५१ टक्के. एमसी शिफ्टवाल्या एसमध्ये गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलवर नेलाय, तिथे हिशेब ४७-५३. कागदावर एस भारी: ४०५ च्या जागी ४४० अश्वशक्ती, ब्रेक मोठे, स्पोर्ट बटण दाबलं की सायलेन्सरमधल्या झडपा उघडतात आणि शेजारी खिडक्या लावून घेतात.

पण एमसी शिफ्ट ही ऑटोमॅटिक नव्हे! क्लचचं फक्त पेडल गेलंय, क्लच जागेवरच आहे. तुमचा पाय जे करायचा ते हायड्रॉलिक्स करतं. वेगात, वरच्या आरपीएमला १०० मिलिसेकंदांत गिअर पडतो, झकास. तुमच्या श्टुटगार्टातल्या नेकारटोर चौकाच्या संध्याकाळच्या रांगेत मात्र इंचाइंचाने सरकताना तोच क्लच घासत राहतो. चढावर रिव्हर्स पार्किंग केलंत की वास येईल. क्लच किती झिजलाय ते कॉम्प्युटर लावून टक्क्यांत वाचता येतं. तो आकडा दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सरळ घरी या.

दोन मुली, शहरातलं घर: ४.२ ऑटोमॅटिक. विषय संपला.

रांजणगावचा_पाना
विषय कसला संपतोय! इंजिन फेरारीचं आहे हो. निम्म्या किमतीत फेरारी. मोठं इंजिनच घ्यायचं, आयुष्य एकदाच मिळतं.

पिस्टनअण्णा
इंजिन फेरारीच्या मारानेल्लोत बनायचं हे खरं. फेरारी एफ ४३० चं इंजिनही याच घराण्यातलं. पण एफ ४३० चा क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो दांडा) सपाट, त्याचे खुंट एकाच पातळीत, १८० अंशांवर. मासेराटीत ते फुल्लीसारखे, ९० अंशांवर. म्हणून ती किंचाळते आणि ही गुरगुरते. आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीपर्यंत पाच तास गाडीत बसायचंय तर गुरगुर बरी. एकाच आईची दोन मुलं असली तरी एक तारसप्तकात गातो, दुसरा मंद्रात.

रांजणगावचा_पाना
कंपनीही फेरारीचीच ना पण.

जुनाट_पाना
फेरारीने १९९७ मध्ये निम्मा वाटा घेतला, १९९९ मध्ये पूर्ण ताबा. २००५ मध्ये मासेराटी परत फियाटकडे. ग्रॅनटुरिस्मो जिनिव्हाच्या मोटर शोला आली २००७ मध्ये. म्हणजे फेरारीची नव्हे. (आयडी सारखा असला तरी वरचे आणि मी वेगळे.)

पद्मिनीप्रेमी
फियाटचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या नानांची कुर्ल्याची पद्मिनी होती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. कसारा घाट सात माणसं आणि आंब्याच्या दोन पेट्या घेऊन चढायची. वर पोचल्यावर बॉनेट उघडून दहा मिनिटं उभी करायची, तोवर चहा. ग्रँड टुरिंग म्हणतात ते हेच!

खिडकीतली
डिकी २६० लिटरची आहे हे कुणीच कसं बोलत नाही? चौघांच्या बॅगा कुठे ठेवणार, मांडीवर? धागाकर्त्याच्या बायकोला पूर्ण पाठिंबा.

करभरणी
एक कामाची गोष्ट. जर्मनीत १ जुलै २००९ च्या आधी पहिली नोंदणी झालेल्या गाडीला वाहनकर फक्त इंजिनाच्या आकारावर आहे. युरो ४ (प्रदूषणाचं मानक) पेट्रोलला दर १०० सीसीला ६.७५ युरो. ४.२ ला वर्षाला साधारण २९०, ४.७ ला ३१७. त्या तारखेनंतरच्या गाडीला कार्बन डायऑक्साइडचाही कर बसतो आणि या गाड्या किलोमीटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास ओकतात. म्हणजे पाचशेच्या वर जाल. नोंदणीची तारीख बघून घ्या.

ढोलताशा
२०२५ उलटलं तरी लोक पेट्रोल जाळायच्या गप्पा मारतायत. नवी विजेवरची ग्रॅनटुरिस्मो फोल्गोरे बघा, तीन मोटर, ८०० व्होल्ट. आवाज नाही, धूर नाही.

बटणदुखी
बजेट ४० हजार आहे हो त्यांचं.

ढोलताशा
कर्ज काढायचं.

मुळामुठा
मग नव्यातलीच नेत्तुनो इंजिनवाली घ्या की, ३ लिटर व्ही ६, दोन टर्बो, ट्रोफेओमध्ये ५५० अश्वशक्ती. कर्जच काढायचं तर पेट्रोलसाठी काढा.

रच्याकने, ही जुनी ग्रॅनटुरिस्मो पिनिनफरिनाने काढली आणि पिनिनफरिना २०१५ पासून महिंद्राची. म्हणजे घरचीच गाडी म्हणायची.

जुनाट_पाना
डिझाइन २००७ चं, महिंद्रा आले २०१५ ला. लग्नानंतर आलेल्या सुनेला सासूच्या मंगळसूत्राचं श्रेय देताय. पण डिझाइन अप्रतिम, वाद नाही. २००५ ची बर्डकेज संकल्पना-गाडी बघा, तिचं तोंड आणि या जाळीचं तोंड एकच. मधला त्रिशूळ बोलोन्याच्या नेपच्यूनच्या कारंज्यावरून घेतलेला. इटलीत जाताच आहात, तर मुलींना कारंजं दाखवा.

झुफेनहाऊसनकर
आल्प्स म्हणजे स्टेल्व्हिओ घाटावरूनच जा. प्राडच्या बाजूने ४८ वळणं. ९११ मध्ये स्वर्ग.

पिस्टनअण्णा
४.८८ मीटरच्या गाडीत तो स्वर्ग नाही, दोनदा रिव्हर्स घ्यावा लागेल. आणि मी एमसी शिफ्टच्या रिव्हर्सबद्दल काय लिहिलं ते वर वाचा. ब्रेनर धरा.

घाटवळण, आणखी एक. बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आधीच सांगा, इंजिन तापवून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून थंड आहे ना बघा, मग सुरू करा आणि पहिली पंधरा सेकंदं कान द्या. खडखड आली तर चहा पिऊन निघा. टायमिंगला चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे बेल्ट बदलल्याच्या पावत्या मागून हसं करून घेऊ नका. बाकीच्या पावत्या सगळ्या मागा.

रांजणगावचा_पाना
+१. थंड इंजिन ऐकून घ्या.

मुळामुठा
+१. इंजिन थंड असताना बघा, फार महत्त्वाचं. आणि ॲव्हरेज किती देते?

बटणदुखी
१०० किलोमीटरला १५ लिटर धरा. टाकी ८६ लिटरची आहे, एकदा भरली की पगार झाल्यासारखा वाटतो आणि लगेच संपल्यासारखाही.

खिडकीतली
डिकीचं उत्तर अजून आलेलं नाही.

घाटवळण
सर्वांचे आभार, तीन आठवडे लागले. चार गाड्या बघितल्या. पहिली ४.२ ऑटोमॅटिक, आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट गरम. अण्णांचं ऐकून निघालो. दुसऱ्या दोन पावत्यांअभावी बाद.

चौथी एस, एमसी शिफ्ट. इंजिन गार होतं, खडखड नाही. क्लच ४१ टक्के झिजलेला, आकडा त्यांनी आपणहून दाखवला. चालवायला मी बसणार होतो, पण बायको म्हणाली, मीच बघते काय एवढं आहे ते. गावाबाहेर पडल्यावर तिने स्पोर्ट बटण दाबलं, दुसऱ्या गिअरमध्ये बोगद्यात शिरली. मागून धाकटी म्हणाली, "आई, परत." बाई गाडी वळवून त्याच बोगद्यातून तीनदा गेल्या.

घेतली. ३८ हजार. बजेटची वाट लागलीच आहे, देखभालीचे पैसे आता दिवाळीच्या तिकिटांतून.

पिस्टनअण्णा
एवढं लिहिलं मी. एवढं सगळं.

झुफेनहाऊसनकर
सहा महिन्यांनी ९११ बद्दल विचारायला याल.

खिडकीतली
आणि बॅगा?

घाटवळण
मुलींच्या पायाशी दोन मऊ बॅगा, डिकीत एक. फराळाचे डबे पुढे बायकोच्या पायाशी. अण्णा, रविवारी घरी या, पार्किंग चढावर आहे, वास तुम्हीच घेऊन सांगा.

करभरणी
नोंदणी कधीची?

घाटवळण
२४ जून २००९. 😄