शेफलरने एवढं जिंकलं, मग कप फ्लीटवूडला काहून?

रात्रपाळीवाला, नागपूर
५ नोव्हेंबर २०२५, पहाटे ३.१०

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, मी जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. (काठी नाही, क्लब म्हणतात, हे एवढ्यात कळलंय.) मेडिकल चौकाजवळ एका औषधाच्या दुकानात रात्री दहा ते सकाळी सहा बसतो. फेब्रुवारीत एका रात्री मोबाइलवर चाळता चाळता गोल्फ लागलं. हिरवंगार मैदान आणि झोपलेलं बाळ उठू नये अशा आवाजात बोलणारा समालोचक. गिऱ्हाईक आलं की फोन पालथा घालायचा, गोळ्या द्यायच्या, सुट्टे मोजायचे, परत पाहायचं. मधल्या वेळात तो माणूस अजून चेंडूपर्यंत चालतच असतो. रात्रपाळीला यापेक्षा सोयीचा खेळ नाही. अमेरिकेतली दुपार म्हणजे आमची रात्र, तेही जमतं.

तेव्हापासून पूर्ण सिझन पाहिला. मास्टर्सचा (गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात, त्यातली एक) शेवटचा दिवस तर विसरणंच शक्य नाही, कारण ती १४ एप्रिलची पहाट होती. नागपूरकरांना सांगायला नको, आदल्या रात्री बारापासून दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गाड्या, निळे झेंडे, फटाके. दुकानात कोणी ओआरएस मागतंय, कोणी पायाला खरचटलं म्हणून पट्टी. आणि तिकडे अमेरिकेत, ऑगस्टाच्या मैदानावर, रोरी मॅकिलरॉयने तेराव्या होलला हाताने टाकावा इतका सोपा वाटणारा चेंडू नाल्यात घातला. अठराव्याला पाच फुटांचा पट (होलात ढकलायचा हलका फटका) हुकला, जस्टिन रोझशी बरोबरी झाली. प्लेऑफमध्ये (बरोबरी मोडायला जादा होल) त्याने बर्डी (ठरल्यापेक्षा एक फटका कमी) केली तेव्हा आपल्याकडे पावणेपाच वाजत आले होते. पठ्ठ्या ग्रीनवर (होलाभोवतीचं बारीक गवत) गुडघे टेकून रडला. २०१४ नंतर अकरा वर्षं एकही मेजर नाही, आणि या एका विजयाने चारही मेजर जिंकलेला तो सहावा माणूस झाला. मी काउंटरच्या मागे एकटाच टाळ्या वाजवून राहिलो. समोरचा चहावाला म्हणे, भाऊ, तुम्हालाही जयंतीच्या शुभेच्छा.

घरी जाऊन बायकोला सांगितलं, शेवटी बर्डी केली म्हणून जिंकला. ती म्हणे, इतक्या रात्री बर्डीला काय उघडं असते? (बाहेरच्यांसाठी: आम्ही सीताबर्डीला बर्डी म्हणतो. तिथे रात्री काही उघडं नसतं.)

आता प्रश्न. या स्कॉटी शेफलरचं वर्ष बघा. नाताळात घरी रॅव्हिओली करताना ग्लास फुटून काच तळहातात घुसली, म्हणून जानेवारी जवळजवळ पूर्ण गेला. नंतर मेच्या सुरुवातीला बायरन नेल्सन स्पर्धा जिंकली, ३१ अंडरने (ठरलेल्या फटक्यांपेक्षा ३१ कमी). त्याच महिन्यात पीजीए चॅम्पियनशिप पाच फटक्यांनी. १ जूनला मेमोरियल. जुलैत पोर्टरशला ओपन चार फटक्यांनी. ऑगस्टात बीएमडब्ल्यू. दोन मेजर (पीजीए चॅम्पियनशिप आणि ओपन) धरून पाच झाल्या.

आणि टॉमी फ्लीटवूड? पीजीए टूरवर (अमेरिकेतली वर्षभराची मुख्य स्पर्धा-मालिका) १६३ स्पर्धा खेळला, विजय शून्य. १६४ वी होती अटलांटाची टूर चॅम्पियनशिप. ती जिंकला आणि फेडेक्स कप (टूरच्या अख्ख्या सिझनची ट्रॉफी) त्याला, एक कोटी डॉलर त्याला.

मला फ्लीटवूड आवडतो. ते लांब केस, तो चेहरा. माणूस आपल्या मोहल्ल्यातला वाटतो. पण हे म्हणजे बाराही महिने वर्गात पहिला आलेल्या पोराला बाजूला ठेवून, स्नेहसंमेलनात चमचा-लिंबू जिंकलेल्याला आदर्श विद्यार्थ्याची ढाल देऊन राहिले. मग वर्षभराचे पॉइंट्स कशाला मोजले? कोणी समजावून सांगेल का?

---

आकडेमोड, पुणे
५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

चमचा-लिंबू मजेशीर आहे, पण बरोबर नाही. आयपीएलमध्ये गुणतक्त्यात पहिला असलेला संघ फायनल हरला तर ट्रॉफी कोणाला देता? वर्षभराचे पॉइंट्स म्हणजे आत शिरायचं तिकीट. नियमित सिझन संपला की पहिले ७० जण मेम्फिसला खेळतात, तिथून ५० बीएमडब्ल्यूला, तिथून ३० जण अटलांटात ईस्ट लेकला. शेवटच्या तिसांत आलात की पाटी कोरी.

कोरी म्हणजे यंदापासून कोरी. २०२४ पर्यंत पॉइंट्समध्ये पहिला असणारा तिथे १० अंडरवर सुरुवात करायचा, दुसरा ८ वर, आणि शेवटचे काही जण शून्यावर. म्हणजे शर्यत सुरू व्हायच्या आधीच एकाला अर्धं मैदान पुढे उभं करायचं. गेल्या वर्षी शेफलर तसाच पुढून निघाला आणि जिंकला. बघणाऱ्यांना तो प्रकार कळेना, खेळाडूंनाही पटेना, म्हणून काढून टाकला. जुना नियम असता तर यंदाही शेफलरलाच ती आघाडी मिळाली असती. सगळे सारखे निघाले, फ्लीटवूड १८ अंडर गेला, कॅन्टले आणि हेन्ली त्याच्या तीन मागे, शेफलर १४ वर. झालं.

शेफलर काही उपाशी राहिला नाही. पॉइंट्सच्या यादीत पहिला राहिल्याचा बोनस त्याला वेगळा मिळाला. सप्टेंबरात अजून एक स्पर्धा जिंकून त्याने सहा केल्या, ती तुम्ही बहुतेक झोपेत घालवलीत.

आणि एक दुरुस्ती. चारही मेजर पीजीए टूरच्या मालकीच्या नाहीत. मास्टर्स ऑगस्टा नॅशनल क्लबची, ओपन आर अँड ए ची, यूएस ओपन तिकडच्या गोल्फ संघटनेची आणि पीजीए चॅम्पियनशिप पीजीए ऑफ अमेरिकेची, जी टूरपासून वेगळी संस्था आहे. टूर फक्त त्यांचे पॉइंट्स धरते. त्यामुळे ‘वर्षाचा सर्वोत्तम कोण’ आणि ‘फेडेक्स कप कोणाचा’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

---

कोरडा पाऊस
५ नोव्हेंबर, दुपारी १.१५

विदर्भात टँकर फिरतात आणि तुम्ही एक कोटी डॉलरच्या गवतावर चर्चा करा. श्रीमंतांचा खेळ, श्रीमंतांची चिंता. चालू द्या.

---

जुना कॅडी
५ नोव्हेंबर, रात्री ८.३०

कोरडा पाऊस साहेब, मी ज्या मैदानावर वाढलो तिथे ग्रीनला गवतच नव्हतं. छावणीतलं मैदान. पाणी कुठून आणणार? त्याला ग्रीन नाही, ब्राउन म्हणायचे. वाळूत गाडीचं जळकं ऑइल कालवायचं, दाबून सपाट करायचं, मधोमध होल. मे महिन्यात दुपारी त्या तेलाचा असा वास सुटायचा की अंगाला गॅरेज लागल्यासारखं वाटे. चपलेचा ठसा उमटला की चेंडू तिथे अडखळतो, म्हणून लोखंडी पाइपाला दांडा लावलेलं एक ओढणं असायचं. चेंडूपासून होलापर्यंत ते एकदा ओढायचं, हातभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा तयार होतो, त्यावरून साहेबाने पट मारायचा. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून मी कॅडी, म्हणजे साहेबाची क्लबांची पिशवी वाहणारा, आणि ते ओढणं माझ्या हातात. थोडं तिरपं ओढलं तर चेंडू तिरपा, आणि शिवी मला.

एकदा बाहेरून आलेल्या एका पाहुण्याने पैज लावली होती. पाच-सहा फुटांचा पट. मी म्हणालो, सीधा है साब. चेंडू होलाच्या कडेवरून वळून बाहेर. त्या दिवसाच्या चाळीस रुपयांतले वीस त्याने कापले. पट्टा मी सरळच ओढला होता, हे आजही सांगतो. मॅकिलरॉयचा तो अठराव्याचा पट हुकला तेव्हा मी टीव्हीपुढे पहिल्यांदा त्याच्या कॅडीकडे पाहिलं.

श्रीमंतांचा खेळ, खरं आहे. पण एसएसपी चौरसिया रॉयल कलकत्ताच्या माळ्याचा मुलगा. तिथेच कॅडी होता, तिथेच शिकला. २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकला. आणि आपल्या मराठी माणसांत पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला. त्याच्या नावाची किती लोकांना खबर आहे?

आता रात्रपाळीवाले भाऊ, तुमच्या प्रश्नावर. पुण्याच्या साहेबांनी नियम बरोबर सांगितला. पण मी म्हणतो, तुम्ही यादी वरून वाचून राहिले. खालून वाचा.

स्पर्धा चार दिवसांची. दोन दिवसांनी, ३६ होल झाले की कट. पहिले ६५ आणि बरोबरीतले राहतात, बाकीचे घरी. मोठ्या पैशांच्या काही स्पर्धा सोडल्या तर कट हुकलेल्याला शुक्रवारी संध्याकाळी एक डॉलर मिळत नाही. विमान, हॉटेल, कॅडीचा आठवड्याचा पगार मात्र खिशातून. कॅडीचं गणित असं, आठवड्याचा ठरलेला पगार आणि वर हिस्सा: जिंकला तर साधारण दहा टक्के, कट पार केला तर पाच. कट हुकला तर तोही नुसत्या पगारावर.

फ्लीटवूडचं १६३ वेळा न जिंकणं म्हणजे १६३ वेळा नापास होणं नाही. सहा वेळा दुसरा आला होता. न जिंकता तीन कोटी डॉलरच्या वर कमावले होते. आणि यंदाच जूनमध्ये ट्रॅव्हलर्सला शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे उभा होता, बोगी (ठरल्यापेक्षा एक फटका जास्त) झाली, कीगन ब्रॅडलीने बर्डी घातली, गेली. ऑगस्टात मेम्फिसला तीन होल बाकी असताना पुढे, तीही गेली. दोन आठवड्यांनी अटलांटाला परत पुढे. तेव्हा त्याच्या हाताला काय होत असेल? चमचा-लिंबू तर चमचा-लिंबू, पण आधी दोनदा लिंबू पडलेल्या माणसाने तिसऱ्यांदा चमचा तोंडात धरला होता. शेफलरचं वर्ष मोठं, वाद नाही. कप फ्लीटवूडला मिळाला म्हणून शेफलरच्या दोन मेजर कोणी परत घेतल्या नाहीत.

फ्लीटवूडला मी डोळ्यांनी पाहिलाय. पुतण्या दिल्लीला असतो, म्हणून नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, १९ ऑक्टोबरला, दिल्ली गोल्फ क्लबवर होतो. घरचे म्हणे, दिवाळीत कोणी घर सोडते का? पण मॅकिलरॉय पहिल्यांदा भारतात खेळायला आलेला, परत कधी येतो कोणाला माहीत. ते मैदान म्हणजे जंगलातली पायवाट. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, मध्ये जुनी थडगी, मोर फिरतात. चेंडू झुडपात गेला तर हात घालून काढायचीही सोय नाही. जगातला सगळ्यात सुंदर ड्रायव्हर (लांब फटक्याचा मोठा क्लब) मारणारा माणूस मॅकिलरॉय, त्याने आठवडाभर ड्रायव्हर हाताळलाच नाही, छोट्या क्लबने सरळ सरळ खेळला. मला त्याचा ड्रायव्हर पाहायचा होता, राहिलं. फ्लीटवूड २२ अंडरने जिंकला, दोन फटक्यांनी. शेवटचा पट गेल्यावर त्याचा पोरगा ग्रीनवर धावत आला. माझ्या शेजारी तिथलाच एक कॅडी उभा होता. तो पोराकडे नाही, पोराच्या बुटांकडे पाहत होता. मीही. ग्रीनवर धावायचं नसतं, आमच्या हाडात भिनलंय ते.

---

रात्रपाळीवाला, नागपूर
६ नोव्हेंबर, पहाटे २.२५

चमचा-लिंबू मागे घेतो. मेम्फिसची ती रात्र मी पाहिली होती, पण नेमकं तेव्हा इन्शुलिनवाले काका आले आणि फ्रीज उघडून त्यांच्याशी बोलत राहिलो. परत फोन पाहिला तर फ्लीटवूड मागे आणि रोझ प्लेऑफ खेळून राहिला. मध्ये काय झालं तेच सुटलं होतं.

आकडेमोड भाऊ, सप्टेंबरची स्पर्धा झोपेत नाही, गणपतीनंतर मलेरिया-डेंग्यूच्या गर्दीत गेली.

कॅडी काका, ‘खालून वाचा’ म्हणजे नेमकं काय वाचू? तिसावा नंबर?

---

जुना कॅडी
६ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

शंभरावा. आतापर्यंत वर्षअखेर पहिले १२५ जण पुढच्या वर्षाचं पूर्ण कार्ड (टूरवर खेळायचा हक्क) राखायचे. या वेळी फक्त १०० राखणार. शेवटची संधी याच महिन्यात, जॉर्जियात समुद्राकाठी सी आयलंडला. तिथे कोण जिंकतो ते नंतर पाहा. पहिल्या दोन दिवसांत ९५ ते ११० मधली नावं कागदावर लिहून ठेवा आणि तेवढ्यांनाच पाहा. शुक्रवारी कटच्या रेषेवर चार फुटांचा पट उभा राहिला की त्या माणसाचा चेहरा बघा. मास्टर्सपेक्षा जास्त घाम असतो.

---

रात्रपाळीवाला, नागपूर
६ नोव्हेंबर, पहाटेची ड्युटी संपताना

लिहिली. प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला सोळा नावं. निम्म्यांचा उच्चार येत नाही.

अजून एक, राग मानू नका. ते ब्राउनवालं मैदान आहे का अजून? एकदा क्लब धरून पाहायचा आहे.

---

जुना कॅडी
६ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

तिथे आता गवत आहे आणि आत सोडत नाहीत. माझ्या अंगणात एक जुना पटर आहे, ग्रिप फाटलेली. रविवारी ड्युटी सुटली की सरळ या, पोहे इकडेच खाऊ. वाळू टाकून ठेवतो. ऑइल नाही टाकणार, सून ओरडते.