मदत हवी आहे : शेवटच्या फेरीत हातपाय गाळणाऱ्या पोरीला फौजी काय शिकवतील?

नमस्कार मंडळी. माझी भाची नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात १५०० मीटरचा सराव करते. सरावात टायमिंग झकास. स्पर्धेत मात्र कोणी पुढे निघून गेलं की हिचे खांदे कानाला लागतात, मुठी आवळतात, अन् खेळ खलास. दम शिल्लक असतो, डोकं आधी हरतं.

आपल्या बीडचे अविनाश साबळे महार रेजिमेंटचे, सियाचीनला राहून आलेले. २०२२ च्या राष्ट्रकुलमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला (अडथळ्यांची शर्यत) ८:११.२० वेळ देत रौप्य. मुरलीकांत पेटकर तर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला पॅरालिंपिकमध्ये पोहून सुवर्ण आणलं. याला नुसतं 'जिद्द' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. फौजेत काहीतरी करून घेत असतीलच ना?

अमेरिकन नौदलाचे कमांडो, नेव्ही सीलवाले, वापरतात तो श्वास आम्ही सुरू केलाय : चार मोजत आत, चार रोखून, चार मोजत बाहेर, पुन्हा चार थांबून. शर्यतीआधी धडधड कमी होते. पण पळता पळता श्वास कसा रोखणार बाप्पा?

कामठीच्या गार्ड्स सेंटरमधून (फौजेचं प्रशिक्षण केंद्र) निवृत्त झालेलं कोणी आहे का इथे? लांबच्या रूट मार्चमध्ये पाय बोलायला लागले की डोक्यात काय ठेवायचात? गडबड झाली की उस्ताद (शिकवणारे) पुन्हा कसं उभं करायचे? 'मन घट्ट कर' तिला घरी रोज ऐकावं लागतं, ते सोडून सांगा. रविवारी सकाळी तिला घेऊन कामठीलाही येऊ शकतो.