सेप्टुआजिंट: बहात्तर पंडितांची गोष्ट किती खरी, आणि पाठ किती भरवशाचा?

गोदाकाठ_नाशिक
शरणपूर रोडला आमचा अभ्यासगट बसतो. पुढचा विषय आहे बायबलमधल्या जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर, म्हणजे सेप्टुआजिंट. गटात दोन टोकं झालीत. एकाच्या मते ७२ पंडितांनी ७२ दिवसांत सगळं केलं, म्हणून ते निर्दोष. दुसऱ्याच्या मते ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताच्या आधी असं भाषांतर नव्हतंच, ख्रिस्ती लोकांनी ते मागाहून रचलं. टिपण मला करायचंय. ग्रीक-हिब्रू येत नाही. मराठी बायबल समोर ठेवून काय तपासता येईल?

पाठभेद
दोघंही 'सेप्टुआजिंट' म्हणजे एक ग्रंथ असं धरून चालतात, तिथेच घोळ आहे. ७२ जणांची गोष्ट 'अरिस्तेअसचं पत्र' या प्राचीन ग्रीक लेखनात आहे आणि ती फक्त तोरा, म्हणजे पहिल्या पाच पुस्तकांपुरती. बाकीची पुस्तकं वेगवेगळ्या हातांनी, पुढच्या शतकांत होत गेली. त्यामुळे 'भरवशाचं का?' हे प्रत्येक पुस्तकाला वेगळं विचारायला हवं.

ओरिगेनचा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. मँचेस्टरला रायलंड्स पपायरस ४५८ आहे. त्यावर ग्रीक 'अनुवाद'चे तुकडे आहेत (पाचवं पुस्तक म्हणतोय, भाषांतर नव्हे) आणि ते इ.स.पू. दुसऱ्या शतकातले आहेत. ओरिगेन इ.स. तिसऱ्या शतकातला. त्याने सहा रकान्यांचा हेक्साप्ला केला: हिब्रू, त्याचं ग्रीक लिपीतलं लेखन, मग अक्विला आणि सिम्माखस यांची ग्रीक भाषांतरं, सेप्टुआजिंट, आणि थिओडोशनचं ग्रीक भाषांतर. हिब्रूत नसलेल्या ग्रीक मजकुराला त्याने एक खूण केली, हिब्रूवरून घातलेल्या भरीला दुसरी. पुढे नकला करताना खुणा गळाल्या आणि भर मात्र मूळ मजकुरात मिसळून राहिली. त्याच्यावर ठपका ठेवायचाच असेल तर एवढाच, आणि तोही खरं तर नकलाकारांचा.

आता मराठी बायबल उघडा. स्तोत्र ४०:६ मध्ये 'कान' आहेत, पण तेच वचन इब्री १०:५ मध्ये येतं तेव्हा 'शरीर' होतं. पत्राच्या लेखकापुढे ग्रीक पाठ होता. ग्रीकमध्ये कान म्हणजे 'ओतिया', शरीर म्हणजे 'सोमा'. आपल्या जुन्या पोथ्यांसारखंच तिथेही शब्द न तोडता सलग लिहीत. आधीच्या शब्दाच्या शेवटचा 'स' पुढच्या 'ओतिया'ला चिकटला आणि मोठ्या लिपीतली 'त' व 'इ' ही शेजारची अक्षरं 'म'सारखी वाचली, की 'सोमा' तयार. काही अभ्यासकांना ही चूक वाटत नाही, भाषांतरकाराने मुद्दाम केलेला अर्थानुवाद वाटतो. राल्फ्सच्या १९३५च्या सेप्टुआजिंट आवृत्तीत 'कान' छापलंय, पण व्हॅटिकानुस आणि सिनाइटिकुस या जुन्या, मोठ्या ग्रीक हस्तप्रतींत 'शरीर' आहे.

जुनी_पोथी
गोष्टीतली फट कालक्रमात आहे. पत्रात फालेरोनचा देमेत्रिओस इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याला ग्रंथ मिळवायला सांगतो. पण राज्य दुसऱ्या वारसाला द्या असा सल्ला त्याने आधीच्या राजाला दिला होता, म्हणून दुसऱ्या टॉलेमीने गादीवर येताच त्याला हद्दपार केलं. शिवाय पत्रातले पंडित एकत्र बसून, ताडून पाहून पाठ ठरवतात. चमत्काराचा रंग फिलो या ज्यू तत्त्वज्ञापासून चढतो आणि पंडितांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकसारखंच भाषांतर केलं ही भर त्याच्याही नंतरची. तरी तोराचं भाषांतर इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झालं, एवढं बहुतेक अभ्यासक मानतात.

एक गंमत पाहा. भाषांतर वाचून झाल्यावर, त्यात फेरफार करणाऱ्याला शाप असो, असं पत्रात येतं. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत नवी ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली म्हणून समजा, असं बजावलं. असा इशारा द्यावा लागतो तो कोणीतरी पाठाला हात घालत असतं म्हणूनच.

गोदाकाठ_नाशिक
आभार दोघांचे. ग्रीक जिथे हिब्रूपेक्षा वेगळं, तिथे भाषांतरकारच चुकला असं धरायचं का?

पाठभेद
नाही. यिर्मया ग्रीकमध्ये साधारण आठव्या हिश्शाने लहान आहे आणि ४६ ते ५१ अध्यायांतल्या राष्ट्रांविरुद्धच्या भविष्यवाण्या पंचविसाव्या अध्यायात येतात. भाषांतरकाराने कात्री लावली असंच पूर्वी अनेकांना वाटे. मग मृत समुद्राकाठच्या कुमरानला, जुन्या गुंडाळ्यांत, हिब्रूतलेच तुकडे निघाले आणि त्यांतला एक या आखूड पाठाशी जुळतो. म्हणजे त्याच्यापुढची हिब्रू प्रतच वेगळी होती.

उलट उदाहरण उत्पत्ती ५ मध्ये. मराठीत, हिब्रूप्रमाणे, मथुशलह १८७ वर्षांचा असताना लामेख झाला, लामेख १८२चा असताना नोहा, आणि जलप्रलय नोहाच्या ६००व्या वर्षी. बेरीज ९६९, बरोबर मथुशलहाचं आयुष्य. ग्रीकमध्ये १६७ आणि १८८ आहेत. बेरीज ९५५, म्हणजे तो प्रलयानंतर १४ वर्षं जगतो, आणि तारवात तर नाही! अलेक्झांड्रिनुस प्रतीत १६७च्या जागी १८७ आहे, म्हणजे तो प्रलयाआधी ६ वर्षं मरतो. बहुधा कुणीतरी बेरीज करून दुरुस्ती केली. कागदावर आकडे मांडून दाखवा, गटाला पटकन कळेल.

जुनी_पोथी
दानीएल घेणार असाल तर जपून. चर्चमध्ये जुनं ग्रीक दानीएल मागे पडून थिओडोशनचं रूढ झालं. राल्फ्समध्ये दोन्ही छापलेत, तेव्हा उतारा कुठला ते टिपणात लिहा. इंग्रजीत ब्रेंटनचं भाषांतर फुकट मिळतं, पण ते मुख्यतः व्हॅटिकानुसवर बेतलेलं आणि एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे कुमरानच्या आधीचं. यिर्मयासाठी एकट्या त्याच्यावर विसंबू नका.